बोनस आणि फटाके

दिवाळी जवळ आली की सुखवस्तू वर्गाला कामगारांच्या काटकसरीची आठवण होते. विक्रोळीच्या पार्कसाइटच्या डोंगरावर माणसे राहतात याची ज्यांना वर्षभर फारशी जाणीव नसते, त्यांना लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो डोंगर एकाएकी दिसू लागतो; आणि त्यावरून उडणारे बाण मोजून 'यांना पगार पुरत नाही म्हणतात, मग हा पैसा कुठून येतो?' असा प्रश्न ते एकमेकांना विचारतात. फटाक्यांवरील खर्च हा गंभीर प्रश्न आहे, असे आमचेही मत आहे. परंतु तो कोणत्या तोंडाने विचारला जातो, हे आधी तपासले पाहिजे.

पैसा कुठून येतो याचे उत्तर सोपे आहे. तो बोनसमधून येतो. आणि बोनस कुठून आला, याचे उत्तर देण्यासाठी शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. आपल्या तरुण कार्यकर्त्यांपैकी अनेकांना तो अर्धामुर्धाच ठाऊक असतो, म्हणून तो येथे थोडक्यात सांगणे अस्थानी ठरणार नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मुंबईच्या गिरण्यांत काही वर्षे बोनस दिला जात असे. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख गिरणी कामगार बाहेर पडले. सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला तो असा की, कामगारांचा बोनसवर कायद्याने, रूढीने वा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोचत नाही. म्हणजे बोनस ही मालकाची मर्जी. दिली तर दिली. या मर्जीचे हक्कात रूपांतर करण्यासाठी पुढे चार दशके लागली. १९५० साली मिल मजदूर सभेच्या नेतृत्वाखाली, म्हणजे समाजवाद्यांच्याच नेतृत्वाखाली, सुमारे दोन लाख गिरणी कामगारांनी बोनससाठी ६३ दिवस संप केला. तो संप मोडला. परंतु बोनस हा राहून गेलेल्या वेतनाचा भाग आहे, हा विचार त्या संपाने कामगारांच्या मनात कायमचा रुजवला. मेहेर आयोग १९६१ साली नेमला गेला, १९६५ साली कायदा झाला आणि किमान बोनस चार टक्के ठरला. १९७२ पर्यंत तो ८.३३ टक्क्यांवर गेला. बारा महिन्यांच्या पगाराचे ८.३३ टक्के म्हणजे बरोबर एक महिना, तेरावा पगार.

हा तेरावा पगार एकदा काढूनही घेण्यात आला होता, हे विसरता कामा नये. आणीबाणी पुकारल्यानंतर तीनच महिन्यांत, सप्टेंबर १९७५ मध्ये, वटहुकमाने किमान बोनस पुन्हा चार टक्क्यांवर आणला गेला. विरोध करणारे तुरुंगात होते, संपाला बंदी होती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. त्या दिवाळीत कामगाराचा अर्धा बोनस सरकारने गिळला आणि त्याचा आवाजही होऊ दिला नाही. १९७७ मध्ये जनता सरकारने ८.३३ टक्के परत दिले. त्यानंतर १९८१ च्या दिवाळीच्या तोंडावर बोनसच्या तडजोडीवरूनच गिरण्यांत असंतोष भडकला, कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून तो ऐतिहासिक संप सुरू झाला. त्यात गिरणगावाचे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा विक्रोळीच्या चाळीत दिवाळीला हाती पडणारी ती रक्कम कोणाची खैरात नाही. तिच्यामागे लाठ्या आहेत, कारावास आहे आणि उपाशी काढलेले महिने आहेत.

म्हणूनच ती दोन तासांत जळून जाते तेव्हा आम्हांला खेद होतो. सुखवस्तूंच्या टोमण्याशी या खेदाचा काही संबंध नाही.

आकडे कोरडे असतात, पण मांडून पाहावेत. २०१५ च्या दुरुस्तीनुसार बोनसच्या हिशेबासाठी महिना ७,००० रुपये किंवा किमान वेतन, यांपैकी जास्त असेल ती रक्कम धरावयाची. सात हजार धरले तर वर्षाचे ८४,००० होतात आणि त्यावर किमान बोनस सात हजारांना दोन-तीन रुपये कमी येतो. या सात हजारांत आईचे लुगडे, मुलांचे कपडे, फराळाचे तेल-तूप-बेसन, गावाकडे पाठवावयाचे पैसे आणि वाण्याची थकलेली उधारी बसवावी लागते. त्यातले दोन हजार फटाक्यांना गेले, तर बोनसचा चौथा हिस्सा आणि वर थोडे, असे गेले. दहा हजार बिऱ्हाडांनी दोन-दोन हजार जाळले तर दोन कोटी होतात. दहा हजार बिऱ्हाडे म्हणजे विक्रोळीसारख्या दाट वस्तीत काही फार नव्हेत. पूर्वेला कन्नमवार नगर आणि टागोर नगर, पश्चिमेला पार्कसाइट आणि सूर्यानगर एवढे डोळ्यांपुढे आणले तरी पुरे.

परंतु एवढ्यावरून कामगार उधळ्या आहे असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध कांगावा होय. हा कांगावा जुना आहे. १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर, शेतकरी लग्नकार्यांत पैसे उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे सरकारी आणि सावकारी गोटांतून सांगितले जाई. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगालाही ते मान्य करता आले नाही. एखाद्या लग्नापेक्षा पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुन्हा पुन्हा काढलेली लहान कर्जेच शेतकऱ्याला अधिक बुडवतात, असे त्या आयोगाने नमूद केले. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या लग्नखर्चाच्या आरोपाचा आपल्या पद्धतीने समाचार घेतला आहे. मात्र हेच जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला विरोध करणारे एकटे सभासद होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. गरिबाच्या घरच्या खर्चावर कोरडा उपदेश नको आणि सत्तेच्या दिमाखावरील खर्चाला मुळीच मुभा नको, ही दुहेरी दृष्टी त्यांच्यापासून शिकण्यासारखी आहे. फटाक्यांच्या प्रश्नाकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

कारण आतषबाजी हा मूळचा सत्तेचाच दिमाख आहे. ती आपल्या धर्माचे सनातन अंग आहे, असे सांगणाऱ्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांचा भारतातील आतषबाजीच्या इतिहासावरील निबंध वाचावा. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला असून त्याचा कालखंडच मुळी १४०० ते १९०० असा आहे. बंदुकीची दारू चीनमधून जगभर गेली आणि तशीच आपल्याकडेही आली. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नसोहळ्यातील आतषबाजीचे उल्लेख येतात. तो सोळाव्या शतकातील ग्रंथ आहे आणि सोहळा राजघराण्यातला आहे. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात, तेथील दारूची लंका कशी पेटते ते ऐकवतात, आणि मग तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करण्याचा हुकूम सुटतो. राजा खर्च करी आणि रयत डोळे विस्फारून पाही, असा तो प्रकार होता. अभ्यंगस्नान, उटणे, पणती, आकाशकंदील, पायाखाली फोडावयाचे कारीट, मुलांनी अंगणात मातीचा रचलेला किल्ला, हे दिवाळीचे खरे घरगुती रूप कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी आपल्याबरोबर मुंबईत आणले. त्याला खर्च जवळजवळ नव्हताच.

राजेशाही गेली, तिचा शौक मात्र प्रत्येक बिऱ्हाडाच्या गळ्यात पडला. पूर्वी हजारांसाठी एक लंका पेटे. आता प्रत्येक गॅलरीला आपली स्वतंत्र लंका पेटवावी लागते, कारण शेजारच्याने पेटवली आहे. शेजारच्याच्या मुलाच्या हातात मोठी माळ आणि आपल्या मुलाच्या हातात दोन फुलबाज्या, हे दृश्य कोणत्याही बापाला सोसवत नाही. त्यातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लालबहादूर शास्त्री मार्गावरील कित्येक कारखान्यांच्या जागी मनोरे आणि मॉल उभे राहिले. ज्या यंत्रांवर बाप राबला त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्याच्या गच्चीवरून पाच-पाच मिनिटे आभाळ फाडणारे शॉट सुटतात आणि ते खालच्या चाळीतला मुलगा पाहतो. स्पर्धेचा हा माल वरून खाली येतो. तो खालून वर गेला, असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

त्याहून वाईट आदर्श राजकीय पक्षांनी घातला आहे. उमेदवारी अर्ज भरणे, निकाल लागणे, पुढाऱ्याचा वाढदिवस, शाखेचे उद्घाटन, गटाराच्या झाकणाचे भूमिपूजन, यांतील एकही प्रसंग हजारो फटाक्यांच्या माळेवाचून पार पडत नाही. हा पैसा बोनसचा नसतो. तो कंत्राटदाराचा असतो, बिल्डराचा असतो, आणि शेवटी दुसऱ्या वाटेने लोकांच्याच खिशातून वसूल होतो. गणपतीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत मंडळांच्या वर्गणीतले किती पैसे दारूकामावर जातात याचा हिशेब मांडवात लावण्याची पद्धत पडली, तर बरेच उद्बोधक वाचन होईल.

आता या मालाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. देशात तयार होणाऱ्या फटाक्यांपैकी सुमारे नव्वद टक्के माल तमिळनाडूतील विरुधुनगर जिल्ह्यात, शिवकाशी आणि तिच्या परिसरात बनतो. हा भाग कोरडवाहू आणि सततच्या अवर्षणाचा आहे. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे तरुण १९२० च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याला जाऊन आगपेट्या बनवण्याची विद्या शिकून आले आणि त्यातून शिवकाशीचा आगपेट्यांचा धंदा उभा राहिला. पुढे त्याला फटाक्यांची जोड मिळाली आणि आगपेट्यांच्या, फटाक्यांच्या लेबलांसाठी छपाई आली. पाऊस नाही म्हणून शेती नाही, शेती नाही म्हणून मजूर स्वस्त, आणि हवा कोरडी म्हणून दारू वाळण्यास सोयीची, असे या उद्योगाचे अर्थशास्त्र आहे. कागदाच्या नळ्या वळणे, वाती भरणे, माळा ओवणे ही कामे नगावर मजुरी घेऊन होतात आणि ती करणाऱ्यांत स्त्रियांची, दलित व मागास जातींतील कुटुंबांची संख्या मोठी आहे. अनेक वर्षे तेथे हजारो मुलेही राबत होती. त्यांच्या प्रश्नावर महेशचंद्र मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने, मुलाला धोक्याच्या कामावर ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत, असा निकाल दिला.

मुले कमी झाली, पण मृत्यू थांबले नाहीत. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ मुदलिपट्टी येथील कारखान्यात स्फोट होऊन चाळिशीच्या आसपास माणसे गेली. दिवाळीचा माल पुरा करण्याची ती घाईची वेळ होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सात्तूरजवळ अच्चनकुळम येथे पुन्हा वीसेक जण मेले. या मोठ्या अपघातांच्या दरम्यान दोन मेले, तीन मेले अशा बातम्या येत राहतात आणि त्या मुंबईच्या वृत्तपत्रांपर्यंत पोचतही नाहीत. परवान्याच्या मर्यादेपेक्षा जास्त माणसे एका खोलीत बसवणे, मंजूर साठ्यापेक्षा जास्त दारू कालवणे, परवानाधारकाने कारखाना परस्पर दुसऱ्याला चालवावयास देणे, ही कारणे दर वेळी चौकशीत पुढे येतात. विक्रोळीच्या कारखान्यात कामाच्या पाळीवरून, पंख्यावरून, कँटीनच्या चहावरून आपण दरवाज्यावर सभा घेतो. शिवकाशीच्या खोलीत बसलेली बाई आपलीच बहीण आहे, हे मात्र माळ पेटवताना आठवत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. फटाके कोणी घेतलेच नाहीत तर ही बाई काय खाणार? कारखानदार हा प्रश्न मोठ्या कळवळ्याने विचारतात. नगावरची मजुरी वाढवण्याची वेळ आली की तो कळवळा आटतो, हे खरे असले तरी त्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. उत्तर शिवकाशीतच आहे. लेबलांसाठी आलेल्या छपाईतून ते गाव देशातले एक मोठे मुद्रणकेंद्र बनले. विक्रोळीच्या कित्येक घरांतल्या भिंतींवरची कॅलेंडरे तेथूनच छापून येतात. एका धंद्यातून दुसरा धंदा तेथे एकदा उगवला आहे. त्याला सरकारने भांडवल, पाणी आणि शिक्षण पुरवले, तर तो दारूच्या कामातली माणसे सामावून घेऊ शकेल. हे बाजार आपोआप करणार नाही. त्यासाठी नियोजन लागते, आणि नियोजन हा शब्द उच्चारण्याची अलीकडे सरकारला लाज वाटते.

कायद्याने काही केले नाही असे नाही. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने केवळ कमी प्रदूषणाच्या, 'हरित' म्हटल्या जाणाऱ्या फटाक्यांना मुभा ठेवली, बेरियमच्या क्षारांवर बंदी कायम केली आणि दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने आधी सात ते दहा आणि चारच दिवसांनी आठ ते दहा असे बंधन घातले. हरित फटाक्यांची कृती नागपूरच्या 'नीरी'ने काढली, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपूरलाच आहे. तेव्हा महाराष्ट्राने या विषयावर अज्ञान दाखवण्याचे कारण नाही. परंतु हरित फटाक्यांतून निघणारे सूक्ष्म कण नेहमीच्या फटाक्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी, एवढाच त्यांचा दावा आहे. उरलेले सत्तर टक्के कोणाच्या फुप्फुसात जातात? पावसाळा सरल्यावर समुद्रावरचा वारा मंदावतो आणि धूर जमिनीलगत साचतो. एका बाजूला द्रुतगती मार्ग, दुसऱ्या बाजूला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि उत्तरेला कांजूरची कचराभूमी, यांच्यामध्ये राहणाऱ्या विक्रोळीकराला खिडक्या बंद करून यंत्राने गाळलेली हवा घेण्याची सोय नाही. दम्याचा पंप वापरणाऱ्या म्हातारीला ते दोन तास कसे जातात, हे तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून पाहावे. ताडपत्रीच्या छपरावर बाण पडला तर काय होते, तेही डोंगरावरच्या लोकांना विचारावे.

बंदीचा हुकूम पोलिसांनी राबवावा, एवढी मागणी करून आपले काम संपत नाही. पोलिसाची काठी मनोऱ्याच्या गच्चीवर चढत नाही; ती चाळीतल्या पोरावर पडते. जे काही टिकाऊ काम झाले, ते समजावून झाले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची संकल्पपत्रे मुलांकडून भरून घेतली, वाचलेल्या पैशांतून पुस्तके घेण्याची सवय लावली, आणि लक्ष्मीच्या पूजेच्या रात्री लक्ष्मीचे चित्र असलेला बॉम्ब फोडून तिच्याच चिंध्या का उडवता, हा साधा प्रश्न विचारला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हयातभर उभ्या केलेल्या कामाचा हा एक भाग. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला, काम थांबले नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला दिवाळीत खर्चाचे आणखी एक चांगले निमित्त मिळाले आहे, हेही येथे नोंदवतो. (यात आमच्या धंद्याचा स्वार्थ आहे, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल.)

परंतु मुलांना संकल्प करावयास सांगण्याआधी आपण काय करणार? आमची सूचना स्पष्ट आहे. पक्षाच्या कोणत्याही मिरवणुकीत, विजयसभेत, जयंतीला वा कार्यालयाच्या उद्घाटनाला एकही फटाका वाजू नये, असा ठराव प्रत्येक शाखेने करावा आणि तो पाळावा. निवडणुकीत आपला उमेदवार निवडून आला म्हणजे हौशी मित्र माळ घेऊन येतातच. त्यांना त्या क्षणी थांबवणे कठीण जाते, हे आम्ही जाणतो. कठीण जाते म्हणूनच ठराव हवा. जे कार्यकर्ते मंडळांत आहेत त्यांनी दारूकामाचा खर्च वर्गणीच्या हिशेबात वेगळा दाखवण्याचा आग्रह धरावा. हे झाल्यावर चाळीत जाऊन बोनसबद्दल आणि शिवकाशीबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचेल, त्याआधी नाही.

आणि त्या बोलण्यात ज्यांना बोनसच मिळत नाही त्यांचा विषय पहिला असला पाहिजे. पाडव्याच्या पहाटे विक्रोळीच्या रस्त्यांवरचा लाल कागदांचा खच कोण झाडतो? २०२५ साली मुंबई महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीसाठी ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेल्या, शेजारीच झाडू मारणाऱ्या माणसाला तो आकडा लागू नाही. २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करवून घेण्यासाठी कचरा वाहतूक श्रमिक संघाला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, यावरून या प्रश्नाची जातकुळी कळावी. मनोऱ्यांच्या दारावरचे पहारेकरी, मॉलमधले सफाईवाले, कार्यालयांत चहा नेणारी मुले यांचीही तीच स्थिती आहे. कंत्राटदार त्यांच्या हातावर मिठाईचा पुडा ठेवतो आणि त्यालाच बोनस म्हणतो. ८.३३ टक्क्यांचा किमान हक्क २०१९ च्या वेतनसंहितेतही कायम आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात तीस दिवस काम केलेल्या कामगाराला तो लागू होतो. हिशेबाचे वर्ष मार्चअखेर संपत असेल, तर ३० नोव्हेंबरपर्यंत पैसे हाती पडले पाहिजेत. विक्रोळीतील आपल्या साथींनी आकाशकंदील लागण्यापूर्वीच फाटकाफाटकावर जाऊन या कामगारांची नावे, कंत्राटदाराचे नाव आणि कामाचे दिवस वहीत उतरवून घ्यावेत. पुड्यावर बोळवण झालेल्या प्रत्येकाचा अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पोचला पाहिजे.